पहिलं पाणी

मणके रात्रभर गार पाण्यात होते.
सकाळी परातीतलं पाणी गुलाबी,
लाल फडकं भिजत घातल्यासारखं.
ओतलं, भरलं. पुन्हा गुलाबी.
तिसऱ्यांदा कुठे जरा निवळलं.

"घरी करणार? एवढा खटाटोप?"
ब्योनबाईंनी सुरी पुसत विचारलं होतं.
"स्टेशनसमोर आयतं मिळतं की."
मी म्हटलं, यॉनहुईचा बाप घरी आलाय,
तीन दिवस. दवाखान्यानं सोडलंय.
त्या काही बोलल्या नाहीत.
तोलून झाल्यावर आणखी दोन तुकडे
कागदात सरकवले, काट्याकडे न बघता.

पहिली उकळी फेकायची.
राखाडी फेस वर येतो, पातेल्याला कडं धरतो.
मोह नाही धरायचा, सगळंच्या सगळं मोरीत.
मग एकेक मणका नळाखाली धरून
अंगठ्यानं खोबणीतली गुठळी काढायची.

सव्वीस वर्षं त्याचे कपडे मी असेच धुतले.
पहिलं पाणी शाईसारखं, दुसरं कोऱ्या चहासारखं,
तिसऱ्यात माझे हात मला दिसायला लागायचे.
थेबेकच्या त्या गल्लीत सगळ्यांच्या दोऱ्यांवर
एकाच रंगाचे सदरे. पांढरा कुणी घेतच नसे.
तेव्हा म्हणायचे, डुकराची चरबी खावी,
छातीतली भुकटी धुऊन नेते.
खाल्ली की. पगाराच्या रात्री अख्खी गल्ली खायची.
माणसाचं पहिलं पाणी कुठं ओतायचं
ते मात्र कुणी सांगितलं नाही.

आता आलं, कांदा, दोएनजांगचे दोन चमचे.
झाकण. दीड तास.
काचेवर बाहेरून बर्फ, आतून वाफ.
पलीकडच्या खोलीत त्याचं यंत्र
फुस्स, थांब, फुस्स,
आणि नळी दाराखालून लांब, दोरीसारखी.
शेगडीजवळ यायचं नाही, नर्सनं बजावलंय.
नाहीतर हे त्याचंच काम होतं.
मी फक्त बटाटे सोलायची.

बटाटे अख्खेच टाकायचे, त्याची सक्त ताकीद.
चिरले तर रस्स्यात विरतात, मग कोणी किती खाल्ले
याचा हिशोब राहत नाही.
वाळल्या मुळ्याचा पाला पिळून घातला,
देल्क्याचा कूट, लसूण ठेचून मूठभर.
तिखटाच्या बरणीपाशी हात अडला.
चार चमचे, असं त्यानंच बरणीवर लिहिलंय,
पेन्सिलीनं, माझा विश्वास नाही म्हणून.
मी दोन घातले.
ठसका लागला तर?

पातेलं उचलून त्याच्याकडे नेलं.
पूर्वी टेबलावर शेगडी असायची,
शेवटच्या घासापर्यंत रटरटत राहायचं.
आता निवायच्या आत खायचं.
त्यानं चमचाभर रस्सा घेतला, डोळे मिटले.
"कुणी आजारी आहे का घरात?"
मी गप्प.
"बरणी आण."
आणली. त्यानं आपल्या हातानं घातलं,
दोन नाही, तीन.

खोकला आला. मी मनात मोजत बसले,
अकरापर्यंत. बाराव्याला थांबला.
डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, नळी वाकडी झालेली,
आणि हा दोन्ही हातांनी मणका धरून
फटीतलं मांस ओढून काढतोय,
चोखताना असा आवाज करतोय
की यॉनहुई इथे असती तर म्हणाली असती, बाबा, लोक ऐकतील.

खाल्लेली हाडं ताटाच्या कडेला मांडली.
लहानापासून मोठ्यापर्यंत, ओळीत.
"सात," म्हणाला. मग पुन्हा मोजली बोटानं,
पाळी सुटली की फाटकाशी मोजायचे तशी.
"सातच." समाधानानं मान हलवली.
मी विचारलं नाही.

एक बटाटा माझ्या वाटीत टाकला,
मोठा होता तो.
तळाशी दोन डाव रस्सा उरलाय.
त्यात भात परतायचा आहे, वरून जिम चुरून,
खालून जरा करपू द्यायचा.
आतून हाक येते आहे,
लागू दे, लागू दे, घाई करू नकोस.